सूनबाई न बोलल्याची नोंद

८ जानेवारी, सोमवार

सूनबाई आज शून्य शब्द बोलल्या.

आता एवढं लिहून वही मिटता आली असती. पण मला कोणी एवढ्यावर थांबवलेलं आजवर ऐकिवात नाही, तेव्हा पुढे लिही गं.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की बाई रोज किती बोलल्या, ते घरातल्या कोणीतरी लिहून ठेवायचं. बारा वर्षं शाळेत चाळीस चाळीस पोरांवर आवाज चढवून सूनबाईंच्या घशात दोन दाणे धरलेत. सहा आठवडे तोंडातून शब्द नाही. कुजबुजही नाही, कुजबुजीने म्हणे ओरडण्याइतकाच ताण पडतो. ऐकलं नाही तर सुरी. माझे चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात, सकाळी सातला जातात ते अंधार पडताना येतात. म्हणजे साक्षीदार मी. मला अक्षरओळख नाही. म्हणजे साक्ष लिहून घेणार कोण, तर खुद्द आरोपी. अशी कचेरी तुम्ही कुठे पाहिली नसेल.

घरात दोन बायका. एकीला बोलायचं नाही, दुसरीला वाचता येत नाही. सकाळी तिने पाटीवर काहीतरी भराभरा लिहून माझ्यापुढे धरलं. मी पाटी नीट पाहिली, छान आहे म्हटलं आणि परत दिली. मग तिने पाटीवर पातेलं काढलं, पातेल्यावर तीन लाटा काढल्या. तेव्हा समजलं, दूध उतू गेलंय.

१० जानेवारी, बुधवार

शून्य. एकदा खोकली, ते धरत नाही.

आज चिरंजीवांनी शाळेत जाऊन मोठ्या सरांची गाठ घेतली. मोठे सर म्हणाले, न बोलणाऱ्या बाई चौथीचा वर्ग कशा चालवणार? वर्ग दुसऱ्यांकडे देतो, बाईंनी कचेरीत बसून हजेरीपत्रकं उतरवावीत. आणि एकदा वर्ग गेला की या वर्षी परत नाही. पुढच्या वर्षी मिळेल की नाही, तेव्हाचं तेव्हा.

चिरंजीव हात जोडायला तसा तरबेज आहे. महिन्याची मुदत घेऊन आला. ९ फेब्रुवारीला मोठे सर स्वतः वर्गात बसणार आणि ठरवणार.

हे ऐकून सूनबाई उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी. मी म्हटलं, अगं, तळ जाईल पातेल्याचा. ऐकलं नाही. बोलू न शकणारं माणूस रडतंय की नाही ते पाठीवरून ओळखावं लागतं, आणि माझी नजर आता तितकी राहिली नाही. लिही, थांबलीस का?

१३ जानेवारी, शनिवार

शून्य.

शाळेच्या कचेरीत एक प्रोजेक्टर आहे. म्हणजे भिंतीवर चित्रं पाडायचं यंत्र. चार वर्षांपूर्वी आलं, तेव्हा त्याचे फोटो काढले, मग त्याच्यावर रुमाल घातला आणि रुमालावर फुलदाणी ठेवली. सूनबाईंनी फुलदाणी उचलली. चिरंजीवांनी त्याची वायर बदलली. म्हणाला, लिफ्टपेक्षा सोपं आहे, हे वर-खाली तरी जात नाही.

भिंत पिवळी, म्हणून चादर लावायचं ठरलं. तिने घडीची चादर तशीच पिशवीत कोंबली. मी काढून घेतली. चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री केली आहे मी. घडीच्या रेषा राहिल्या तर भिंतीवरच्या माणसाचं नाक दोन तुकड्यांत येईल की नाही? कडक इस्त्री करून, नळकांडं करून दिली. चादरीची कधी घडी घालायची नाही, गुंडाळायची, एवढं तरी शिकून घे म्हटलं. ती बोलू शकत नसल्यामुळे घरात माझं सगळं पटतंय.

१७ जानेवारी, बुधवार

शून्य. पण चेहरा पडलेला.

तिसऱ्या घरातली चष्मेवाली तिच्याच वर्गात आहे. जिन्यावर गाठली आणि विचारलं, काय गं, कसा चाललाय वर्ग? म्हणाली, "आजी, फिल्म लावतात. त्यातला माणूस विमानतळावर घोषणा करतात ना, तसा बोलतो. आम्ही मागे फुल्या-गोळे खेळतो."

"आणि बाई?"

"बाई टाळी वाजवतात. मग आम्ही पण वाजवतो. सगळेच वाजवतात."

सूनबाईंना हे सांगितलं नाही. आता लिहिताना कळलंच म्हणा.

१९ जानेवारी, शुक्रवार

शून्य.

तिने ठरवलंय की चित्रं स्वतः काढायची आणि बोलणं घरीच मोबाइलमध्ये भरायचं. चित्रं काढते बरी. बोलायला आधी चिरंजीवांना बसवलं. तो मोबाइलपुढे ताठ बसला आणि "बेडूक. हा. एक. प्राणी आहे" असं बोलला. जणू बेडकात किती माणसं मावतात ते पुढे सांगणार. तिने हात जोडले. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, माझा काय संबंध? मला शाळेचं दारही ठाऊक नाही.

चिरंजीव म्हणाला, "आई, तुला फक्त चित्रं बघून बोलायचंय. ते तू तसंही करतेसच. शेजारच्यांची खिडकी बघून बोलत नाहीस का?"

२२ जानेवारी, सोमवार

शून्य.

सकाळी शाळेत जाताना ती टेबलावर चार पत्ते ठेवून गेली, एकावर एक. बेडकाची चित्रं. मोबाइल चिरंजीवांचा जुना. त्यावरचं लाल बटण दाबायचं, बोलायचं, पुन्हा दाबायचं. दुपारी गल्ली शांत होते तेव्हा बसले. पत्ते ओळीत मांडले. माझ्या पद्धतीने मांडले. घरात जसं वाढतात तसं, थोरल्यापासून.

आणि सांगितलं. हा पहिला बेडूक, पाहा, खाऊनपिऊन सुखी, जावई आल्यासारखा बसलाय. पुढे त्याचं वय झालं. पाय आखडले, आखडले आणि एक दिवस गेलेच. पाय नाहीत तर फिरणार कसा? म्हणून देवाने आधाराला शेपूट दिलं, जशी मला काठी. मग तोही आटला. म्हातारपणी सगळेच आटतात, माझी उंची बघा. शेवटी राहिला एक काळा ठिपका. त्याच्याभोवती आयुष्यभराच्या आठवणी पांढऱ्या साचून राहिल्या आहेत, त्या या इथे दिसतात.

स्वतःचंच ऐकून जरा डोळे भरून आले. धडा कसला, चांगलं कीर्तन झालं होतं.

संध्याकाळी तिने कानात वायरी घालून ऐकलं. माझ्याकडे पाठ होती. थोड्या वेळाने खांदे हलायला लागले. खूप वेळ हलत होते. मी म्हटलं, अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, बेडूकच आहे. तिने मागे वळून माझे दोन्ही हात धरले. डोळे ओले. बोलण्यात काही दम असला तर माणूस हलतं, हे आज पाहिलं.

२५ जानेवारी, गुरुवार

शून्य.

चष्मेवाली म्हणाली, "आजी, बेडूक फार भारी होता. अजून करा." म्हटलं, करीन, घाई कशाची.

झाडाचा धडा भरला. झाडाचं तोंड खाली मातीत असतं आणि हात वर. मुळांनी माती खातं, म्हणून झाडाखालची माती दरवर्षी खचते. पानं म्हणजे नुसता दिखावा, कानातल्यासारखा.

सूनबाई आज पुठ्ठ्याच्या लाल चकत्या कापत बसल्या होत्या. चाळीस कापल्या. कशाला, विचारलं तर हसली फक्त. शोभेच्या असतील.

३० जानेवारी, मंगळवार

शून्य. आज तर घोटभर हसूही आवाजाविना. सराईत झाली आहे.

सावलीचा धडा, ढगाचा धडा, दाताचा धडा. दाताचा मनापासून केला, कारण माझ्याजवळ त्याविषयी आता फक्त आठवणी आहेत. गल्लीतून जाते तर पोरं लांबून ओळखतात. एकाने तर विचारलं, "आजी, उद्या काय चुक—" आणि चष्मेवालीने त्याच्या पायावर पाय दिला. पोरांचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा.

४ फेब्रुवारी, रविवार

हे तू लिहिणार आहेस. जसं मी सांगते तसंच लिहायचं.

काल चिरंजीव शाळेत स्पीकर बसवायला गेला होता. आज जेवताना हसत हसत सांगतो, "आई, तुझं झाड माती खायला लागलं की पोरं बाकावर लोळतात! आणि बाई लगेच यंत्र थांबवतात, आणि पोरं लाल चकत्या वर करतात, आजी चुकली, आजी चुकली!"

मी ताट बाजूला केलं.

"कधीपासून?"

"अं? पहिल्यापासून. बेडकापासून. बेडूक उलटा सांगितलास ना तू. ठिपका आधी असतो. ठिपका म्हणजे अंडं."

त्याला अजून कळलं नव्हतं की काय केलं. पुरुषांना ताट बाजूला सरकलेलं दिसत नाही.

म्हणजे ते खांदे हलत होते ते. मला सगळं कळलं. पंधरा दिवस मी दुपारची झोप सोडून, पाण्याचा पेला जवळ घेऊन, केस विंचरून — हो, विंचरून, हसू नका — त्या यंत्रापुढे बसत होते. आणि तिकडे चाळीस पोरं म्हणत होती की म्हातारीला काही येत नाही. येत नाहीच. ते मला ठाऊक आहे. ते गावभर दाखवायला चादर मीच इस्त्री करून दिली.

मी म्हटलं, उद्यापासून मी बोलणार नाही. घरात दोघी मुक्या राहू.

तशी ती उठून माझ्यापुढे आली, खाली बसली. ओठ हलले. श्वास आत गेला. मला दिसलं, आता शब्द येणार. अठ्ठावीस दिवस झाले होते. मी हात पुढे केला आणि तिच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. माझा राग वेगळा, तिचा घसा वेगळा. किती वेळ धरला ठाऊक नाही. तिच्या डोळ्यांचं पाणी माझ्या बोटांवर येत होतं. चिरंजीव म्हणाला, आई, तिला श्वास घेऊ दे.

शून्य. शून्यच लिही.

५ फेब्रुवारी, सोमवार

शून्य. माझेही जवळजवळ.

मोबाइलला हात लावला नाही.

संध्याकाळी तिने दोन चित्रं आणून ठेवली. पहिल्यात वर्ग, भिंतीवर एक टाय घातलेला माणूस बोलतोय, पोरं फुल्या-गोळे खेळतायत, दोन झोपलेत. दुसऱ्यात तोच वर्ग; भिंतीवर मी. पोरं उभी, हात वर, तोंडं उघडी, एक तर बाकावर चढलेलं. आणि कोपऱ्यात एक बाई, हाताची घडी घालून नुसती बघतेय.

मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, माझं नाक एवढं मोठं आहे का?

तिने मान हलवली. आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

शून्य.

शुक्रवारी मोठे सर येणार. तिने काही मागितलं नाही. चित्रंही ठेवली नाहीत टेबलावर. त्याचाच जास्त राग आला. मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, शुक्रवारी मी येणार शाळेत. मला बघायचंय कोण हसतं ते. तोंडावर हसू देत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

शून्य. आता नीट बस, आज लांबणार आहे.

शाळेत आयुष्यात पहिल्यांदा गेले, आणि बसायला मिळाली शेवटच्या बाकावरची जागा. माझी चादर चांगली ताणलेली होती, सुरकुती नाही. पोरांनी "आजी!" म्हणून असा गलका केला की सूनबाईंनी टाळी वाजवली आणि तो थांबला. पहिल्या टाळीला थांबला, हेही लिही.

मोठे सर आले. उंच, कोट, खिशात दोन पेनं. खुर्ची घेऊन खिडकीशी बसले. मला म्हणाले, "आपण कोण?"

म्हटलं, "मी ती भिंतीवरची."

झाडाचाच धडा पुन्हा लावला होता. चादरीवर झाड आलं आणि माझा आवाज आला. स्वतःचा आवाज एवढ्या मोठ्याने ऐकू आला की मी उठून दाराकडे बघितलं. "मुळांनी माती खातं" आलं, आणि चाळीस लाल चकत्या वर. सूनबाईंनी यंत्र थांबवलं. एकेक जण उठून सांगू लागला. कोणी मला हसत नव्हतं. म्हणजे हसत होते, पण गोष्टीतला राजा घसरून पडला की हसतो तसं. तो राजाच राहतो.

मग मोठे सर उठले. म्हणाले, "थांबा. बाईंना बोलता येत नाही, हे मी समजू शकतो. पण चुकीची माहिती मुलांच्या कानावर पडावी, हे मला पटत नाही. कान जे ऐकतात तेच डोक्यात राहतं. मी सांगतो, नीट ऐका. झाड माती खात नाही. झाड मुळांवाटे मातीतून आपलं अन्न शोषून घेतं. कळलं?"

मग एक चकती वर गेली. चष्मेवालीची. मग दुसरी. मग सगळ्या. सरांसमोर चाळीस लाल चकत्या. सूनबाई पांढऱ्याफटक. त्या लाल चकतीचा वर्गाबाहेरच्या माणसांशी संबंध नाही, हे कोणीतरी पोरांना सांगायला हवं होतं, आणि सांगणारीला बोलता येत नव्हतं.

सर म्हणाले, "हे काय आहे?"

चष्मेवाली उभी राहिली. आवाज कापत होता पण थांबली नाही. "सर, मुळं फक्त पाणी आणि क्षार आणतात. अन्न पानात तयार होतं. उन्हात. अन्न मातीत असतं तर सर, मोठं झाड झाल्यावर कुंडी रिकामी झाली असती. आम्ही केलंय. त्या खिडकीतल्या कुंडीत मका वीतभर वाढला, पण माती तेवढीच राहिली."

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कोणी नाही. आजी चुकल्या, मग आम्ही शोधलं."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मलाच उत्तर मागणार. म्हणून मीच आधी बोलले. "अहो सर, मनाला लावून घेऊ नका. मलाही दाखवलं यांनी लाल. पहिल्यांदा फार लागतं. मी दोन दिवस जेवले नव्हते. मग सवय होते."

पुढे कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. खिशातलं एक पेन काढलं, वहीत दोन ओळी लिहिल्या, कुंडीजवळ गेले, वाकून बोटाने माती दाबून पाहिली आणि निघून गेले.

येताना वाटेत सूनबाई माझा हात धरून चालत होत्या. माझा तोल जाऊ नये म्हणून असेल. पण घर आलं तरी सोडला नाही.

दोन दिवस जेवले नव्हते हे खरं नाही. एक वेळच जेवले नव्हते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

शून्य, आणि तरीही घरात एवढा गोंधळ की शेजारी विचारून गेले.

निकाल आला. वर्ग तिचाच. मोठ्या सरांनी अट घातली आहे: प्रत्येक धड्यानंतर बरोबर काय ते पोरांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं आणि ती वही दर शनिवारी सरांकडे जायची. आणि खाली एक ओळ अशी, की प्रोजेक्टर बुधवारी सातवीलाही लागेल, आणि आजींना सवड असल्यास विचारावं.

चिरंजीवांनी ही ओळ मला तीनदा वाचून दाखवली. सवड आहे का म्हणाला. मी म्हटलं, बघावं लागेल. आणि सरांना कळवून टाक की मी मुद्दामच चुकत होते. बेडकापासून. त्याशिवाय पोरं शोधणार कशी?

सूनबाईंनी हे लिहिताना पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. लिही म्हटलं ना. मुद्दामच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शून्य. शेवटचं शून्य.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. दाणे जिरलेत. सुरी नाही. ही वही मागून घेतली, चार-पाच पानं वाचली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, नोंद जरा सविस्तर आहे. उद्यापासून दिवसाला दहा मिनिटं बोलायचं, हळू, आणि हळूहळू वाढवायचं.

घरी येताना मी वाटणी करून टाकली. दहाच्या दहा मिनिटं वर्गाला. सहा आठवडे पोरांनी बाईंचा आवाज ऐकलेला नाही. घरात काय अडतंय? मी आहे बोलायला.

तिने मान डोलावली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

चष्मेवाली सांगून गेली की बाई आज बोलल्या. दोनच मिनिटं बोलल्या. हजेरी घेतली, प्रत्येकाचं नाव आवाजात घेतलं, आणि पुरे म्हणून यंत्र लावलं. म्हणाली, "आजी, बाईंचा आवाज आम्ही विसरलोच होतो. पुढच्या बाकावरचा रडला. मी नाही रडले."

संध्याकाळी सूनबाई आल्या, चहा ठेवला, माझ्यासमोर बसल्या. आणि म्हणाल्या, "अहो आई, आठ मिनिटं उरवून आणलीत. घरासाठी."

जाडसर झालाय आवाज. आत कापूस भरल्यासारखा. मला म्हणायचं होतं की वाटणी ठरली होती, हे बरोबर नाही. ते म्हटलं गेलं नाही.

"बोला ना," ती म्हणाली. "सहा आठवडे तुम्हीच बोलताय. आता विचारा काहीतरी, मला उत्तर देता येतंय. बेडकाचं सॉरी म्हणू का?"

मी म्हटलं, त्यात मिनिटं घालवू नकोस. ते झाडाचं नीट सांग. पान उन्हात जेवण करतं ते कसं? चूल नाही, आच नाही. पोरं सांगतात, पण फार भराभरा सांगतात, आणि सगळ्यांसमोर पुन्हा विचारायला लाज वाटते.

तिने खुर्ची जवळ ओढली. चित्र काढलं नाही, हातही हलवले नाहीत. नुसतं बोलून सांगितलं, हळूहळू, सगळी आठ मिनिटं.

मी मध्ये एकदाही बोलले नाही. हे नीट ठळक लिही, नाहीतर चिरंजीवांचा विश्वास बसायचा नाही.